कॅचर निवडायचाय? बेंच, योगी की यूकर

मित्राचा मुलगा लिटल लीगमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत, खेळतो. सगळ्या पोरांना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, व्हायचं होतं, म्हणून कोचने याच्या हातात कॅचरचा मिट (जाड ग्लव्ह) दिला आणि गुडघ्यांना पॅड बांधून प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे, बसवलं. मित्राचा फोन आला, "याला यूट्यूबवर कुणाचं दाखवू?" मित्र क्रिकेटवर वाढलेला, त्यामुळे कॅचर म्हणजे बसलेला विकेटकीपर एवढंच त्याच्या डोक्यात. ते फारसं चूकही नाही. फरक एवढाच की मैदानातले बाकी आठ जण प्लेटकडे बघत असतात आणि हा एकटा त्या आठांकडे. प्रत्येक चेंडूआधी पिचरला बोटांच्या खुणा करून काय टाकायचं ते सुचवतोही हाच. आणि बॅटर हाताच्या अंतरावर उभा, त्यामुळे बडबडीला गिऱ्हाईक कायम हजर. निवृत्तीनंतर कॅमेऱ्यासमोर आणि माइकवर कॅचर एवढे का रमतात, याचं निम्मं उत्तर मला त्या बसण्यातच दिसतं.

मी तीन नावं दिली: जॉनी बेंच, योगी बेरा, बॉब यूकर. तिघंही कॅचर, तिघंही टीव्हीवर गाजले. बाकी तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

मुलाला खेळ शिकायचा असेल तर डोळे मिटून बेंच. ओक्लाहोमातल्या बिंगर नावाच्या छोट्या गावात वाढलेला हा मुलगा 1967 ते 1983 फक्त सिनसिनाटी रेड्स या संघाकडून खेळला. 1970 साली 45 होम रन (आपल्या षटकारासारखे) आणि 148 आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर संघाला मिळालेल्या धावा) करून तो लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, झाला, तेव्हा वय होतं बावीस. 1972 ला पुन्हा एमव्हीपी. 1968 पासून ओळीने दहा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचे पुरस्कार. 1975 आणि 1976 च्या वर्ल्ड सिरीज (मोसमाची अंतिम लढत) जिंकणाऱ्या रेड्सचा तो कणा होता.

पण आकडे बाजूला ठेवा आणि त्याचा उजवा हात बघा. पूर्वीचे कॅचर दोन्ही हातांनी चेंडू पकडायचे आणि बॅटला चाटून आलेला चेंडू उघड्या उजव्या हाताची बोटं मोडायचा. शिकागोचा रँडी हंडली आणि त्याच्या पाठोपाठ बेंच यांनी बिजागरीसारखा मिटणारा मिट वापरून एका हाताने पकडायला सुरुवात केली. चेंडू येईपर्यंत उजवा हात पाठीमागे लपलेला, चेंडू मिटमध्ये शिरला की झटक्यात बाहेर, आणि दुसऱ्या बेसवर थ्रो. आज शाळकरी पोरंही असंच पकडतात. आपल्याकडे कीपरला दोन ग्लव्ह्ज असतात, म्हणून ही गंमत आधी लक्षात येत नाही. व्हिडिओ हळू करून दोनदा बघावा.

त्याची टीव्हीवरची कामगिरीही शिकणाऱ्याच्या उपयोगाची. 'द बेसबॉल बंच' या मुलांच्या कार्यक्रमात, ऐंशीच्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात, तो पोरांच्या टीमला बेसबॉलचे धडे देतो. सोबत कोंबडीच्या वेशातला सॅन दिएगो चिकन धुमाकूळ घालतो आणि डॉजर्स संघाचा मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) टॉमी लसोर्डा पगडी घालून जादूगार होतो. ती पगडी आज जरा खटकते, पण धडे अजून चालतात. बेंच रंगाच्या जाहिरातीतही होता आणि रेडिओवर समालोचनही करायचा. माइकवर मात्र तो नीटनेटका, म्हणजे जरा कोरडा. हसायला त्याच्याकडे जाऊ नये.

हसायचं तर बॉब यूकर. आणि इथे सगळा हिशोब उलटा होतो. 1962 ते 1967 अशा सहा मोसमांत त्याची बॅटिंगची सरासरी बरोब्बर .200, म्हणजे पाच प्रयत्नांत एकच यशस्वी फटका, आणि होम रन एकूण 14. 1967 साली अटलांटात पिचर फिल नीक्रोचा नकलबॉल पकडायचं काम त्याच्याकडे आलं. हा चेंडू जवळपास फिरतच नाही, दोर तुटलेल्या पतंगासारखा हेलकावे घेत येतो. त्या मोसमात यूकरच्या हातून 27 चेंडू निसटले, लीगमध्ये सर्वाधिक. त्याचं स्पष्टीकरण असं होतं की नकलबॉल पकडायचा सोपा मार्ग म्हणजे तो घरंगळायचा थांबला की उचलायचा. (त्याच वर्षी नीक्रोचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी, लीगमध्ये सर्वांत कमी होता, म्हणजे हा काही नुसताच विनोद नव्हता.)

ब्रेव्ह्ज संघाशी 3,000 डॉलरला करार झाला तेव्हा वडिलांची पंचाईत झाली, कारण त्यांच्याकडे तेवढे पैसेच नव्हते, हा किस्सा तो आयुष्यभर सांगत राहिला. टीव्हीवर रात्री गप्पांचा कार्यक्रम करणाऱ्या जॉनी कार्सनने त्याला शंभरच्या आसपास वेळा आपल्या कार्यक्रमात बोलावलं आणि 'मिस्टर बेसबॉल' म्हणायला लागला. नाव टोमणा म्हणून आलं आणि खरं होऊन बसलं. बियरच्या जाहिरातीत तो ऐटीत खुर्चीवर बसतो, तिकीट तपासणारा उठवतो, तेव्हा हा म्हणतो मला पुढच्या रांगेत नेणार असतील. आणि पुढच्याच दृश्यात स्टेडियमच्या टोकाला, माणूस नाही काणूस नाही अशा जागी एकटा ओरडत बसलेला. 'मिस्टर बेल्व्हेडेअर' या मालिकेत तो घरातला बाप होता. 1989 च्या 'मेजर लीग' सिनेमात समालोचक होऊन, प्लेटपासून कुठच्या कुठे गेलेल्या चेंडूला तो 'जऽऽरासा बाहेर' म्हणतो.

मला विचाराल तर खरा यूकर रेडिओवर. 1971 पासून 2024 पर्यंत मिलवॉकी ब्रुअर्सचे सामने त्याने सांगितले. 2003 मध्ये समालोचकांसाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी 2025 मध्ये वयाच्या नव्वदीत तो गेला. बेसबॉल संथ वाटतो अशी तक्रार असलेल्याने त्याच्या आवाजात दोन इनिंग ऐकाव्यात. दोन चेंडूंमधल्या रिकाम्या जागेत काय करायचं असतं ते तिथे कळतं.

आणि योगी? खेळाडू म्हणून बेंच मोठा की योगी हा वाद अमेरिकेत अजून मिटलेला नाही, मी त्यात पडत नाही. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून खेळताना त्याने दहा वर्ल्ड सिरीज जिंकल्या, 1951, 1954 आणि 1955 ला एमव्हीपी. मला त्याहून अचाट वाटतो तो 1950 चा आकडा: 597 अ‍ॅट बॅट्समध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांमध्ये) फक्त 12 स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. नाव मूळचं लॉरेन्स. सेंट लुइसमध्ये मांडी घालून आपल्या पाळीची वाट बघत बसायचा, तेव्हा सिनेमात पाहिलेल्या हिंदुस्थानी योग्याची मित्राला आठवण झाली आणि नाव चिकटलं. एवढं एक नातं आपलंही.

टीव्हीवर योगी थोडाच दिसतो, बहुतेक जाहिरातींत, पण दिसतो तेव्हा तोंडातून काहीतरी निसटतंच. विम्याच्या जाहिरातीत न्हाव्याच्या दुकानात बसून सांगतो की ते रोख देतात, जी पैशांइतकीच चांगली असते. भाषांतरात निम्मी मजा जाते, म्हणून इंग्रजी नीट न येणाऱ्याला मी योगी सुचवत नाही.

त्याचा एक व्हिडिओ मात्र भाषेशिवाय कळतो. 1985 ला यांकीजचा मालक स्टाइनब्रेनरने 16 सामन्यांनंतर त्याला मॅनेजरपदावरून काढलं, तेही दुसऱ्याकरवी निरोप पाठवून. योगीने चौदा वर्षं यांकी स्टेडियमचं तोंड पाहिलं नाही. समेट झाल्यावर 18 जुलै 1999 ला त्याचा सत्कार ठेवला. 1956 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता संपवलेला सामना) टाकणारा डॉन लार्सन मानाचा पहिला चेंडू टाकायला आला आणि तेव्हासारखाच योगी तो पकडायला. त्यासाठी योगीने यांकीजचा तेव्हाचा कॅचर जो जिरार्डी याचा मिट मागून घेतला. मग जिरार्डी तोच मिट घालून बसला आणि त्याच दुपारी यांकीजचा पिचर डेव्हिड कोनने परफेक्ट गेम टाकला, 27 पैकी 27 बाद.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांसाठी हे अजून सोपं: योगीचं संग्रहालय मॉन्टक्लेअर स्टेट विद्यापीठाच्या आवारात आहे, रविवारी दुपारी पोरांना घेऊन जाता येतं. यूकरसाठी मिलवॉकी गाठावं लागेल. तिथे त्याचा एक पुतळा स्टेडियमबाहेर आहे आणि दुसरा आत, सगळ्यात वरच्या शेवटच्या रांगेत, खांबाआड, शेजारची खुर्ची रिकामी.

मित्राला मी बेंच सांगितला होता. मुलाने दोन दिवस तो पाहिला, उजवा हात पाठीमागे ठेवायला लागला. तिसऱ्या दिवसापासून बापच यूकर ऐकतोय.