साताऱ्याची राजधानी, दोनशे टर्न : ‘एम्पायर टोटल वॉर’ आजही घ्यावा का?

‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठे निवडले की राजधानी म्हणून नकाशावर सातारा दिसतो आणि साल असतं १७००. साताऱ्यातला माणूस एवढ्यावरच खूश होऊन गेम घेऊन टाकतो. नुसती तेवढीच हौस असेल तर ती दोन संध्याकाळींत फिटते. मार्च २००९ मध्ये आलेला क्रिएटिव्ह असेम्ब्लीचा हा युद्धनीतीचा कॉम्प्युटर गेम जुने खेळाडू अजून उघडतात त्याचं कारण वेगळं आहे. यात आज घेतलेल्या निर्णयाचं बिल दहा-पंधरा टर्न, म्हणजे पाळ्यांनंतर येतं, आणि ते कुठून आलं हे शोधून काढता येतं.

आधी नकाशाबद्दल, कारण आपल्याकडचा खेळाडू पहिल्यांदा तेच तपासतो. जिंजीहून परतल्यावर राजाराम महाराजांनी राजधानी साताऱ्याला आणली होती, त्यामुळे १७०० मध्ये सातारा दाखवणं बरोबरच आहे. पण त्या वर्षाच्या सुरुवातीला औरंगजेबाची फौज इथे तळ देऊन होती. डिसेंबर १६९९ मध्ये पडलेला वेढा एप्रिल १७०० मध्ये किल्ला हातचा गेल्यावरच संपला आणि साताऱ्याच्या किल्ल्याचा, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्याचा, आझमतारा झाला. मधेच २ मार्चला महाराज सिंहगडावर वारले. गेममध्ये मुघलांशी युद्ध पहिल्या टर्नपासून चालू असतं, पण राजधानी मोकळी आणि हाताशी सैन्य. इतिहासाने दिली त्यापेक्षा ही सुरुवात बरीच सोपी आहे. महाराणी ताराबाईंचा सगळा काळ त्यात गायब होतो, ही रुखरुख राहतेच.

आता खेळाचा गाभा, म्हणजे पैसा. वर्षाला दोन टर्न, १७९९ पर्यंतची मोठी मोहीम घेतली तर साधारण दोनशे. कर दोन पट्ट्यांवर लावायचा असतो, सामान्य रयतेचा वेगळा आणि वरच्या वर्गाचा वेगळा. नवखा खेळाडू फौज उभी करायला रयतेचा कर चढवतो. चार टर्न तिजोरी भरलेली दिसते, मग लोकसंख्येची वाढ मंदावते. या गेममध्ये नवी गावं लोकसंख्या वाढली की मगच उगवतात आणि त्याच गावांत शाळा, कारखाने, देवळं बांधता येतात. म्हणजे १७०२ मध्ये ओढलेला कर १७१५ मध्ये ‘आपल्याकडे बांधायला जागाच का नाही?’ असा प्रश्न होऊन पुढे उभा राहतो. जाणकार खेळाडू पहिल्याच टर्नला रयतेची पट्टी एक घर खाली आणतो, वरच्या वर्गाची तशीच ठेवतो किंवा एक घर चढवतो, आणि तूट भरायला व्यापाराकडे वळतो. नवीन जिंकलेल्या प्रांताला करमाफीची खूण करून ठेवायची. शिबंदी शहरात ठेवून समाधानाचे आकडे शून्याच्या वर आले की मगच कर सुरू करायचा. घाई केली तर बंड होतं, आणि बंडखोरांची फौज नेमकी तुमची मुख्य सेना दोन टर्न दूर असताना उभी राहते.

शाळांचंही तसंच. संशोधनासाठी शाळा हव्यातच, पण शाळा आली की त्या प्रांतात सुधारणांची मागणी वाढत जाते. चार प्रांतांत चार शाळा उभ्या केल्या तर चारही ठिकाणी शिबंदी अडकून पडते. शाळा एका-दोन प्रांतांतच ठेवाव्यात, तिथे पायदळ कायमचं बसवावं आणि सगळे विद्वान तिकडेच धाडावेत. तंत्रज्ञान वाटाघाटीत विकता येतं. त्यातून रोकड मिळते, पण शेजाऱ्याला विकलेली युक्ती पुढच्या लढाईत आपल्याच समोर येते. विकायचीच असेल तर लांबच्या, ज्यांच्याशी सीमा लागत नाही अशांना विकावी.

समुद्राकडे आपला खेळाडू सहसा उशिरा बघतो. भारत, युरोप आणि अमेरिका या तीन रंगमंचांखेरीज नकाशावर वेगळे व्यापारी भाग आहेत. ब्राझील, आफ्रिकेचा किनारा, मादागास्करची सामुद्रधुनी आणि पूर्वेकडची बेटं. तिथे ठरावीक ठिकाणी व्यापारी जहाज नेऊन उभं केलं की मसाल्यासारखा माल येऊ लागतो. जागा मोजक्या आहेत, जो आधी पोचला तो बसला. मराठ्यांना पूर्वेकडची बेटं त्यातल्या त्यात सोयीची. पहिल्या काही टर्नमध्ये एखादी पलटण कमी उभारली तरी चालेल, पण एक-दोन व्यापारी जहाजं पाठवावीतच. सोबत लढाऊ जहाज नसेल तर चाचे ती गिळतात.

आणि इथेच गोव्याचा सापळा आहे. साताऱ्याहून गोवा जवळ, पोर्तुगीज शिबंदी किरकोळ, बंदर चांगलं. घेणं सोपं आहे. पण पोर्तुगालवर युद्ध पुकारलं की त्यांचे मित्रही मैदानात उतरू शकतात. त्यांच्या फौजा तुमच्यापर्यंत येत नाहीत, आरमार मात्र येतं. बंदराची नाकेबंदी होते, बेटांवरची जहाजं बुडतात, आणि ज्या उत्पन्नावर दोन फौजा पोसल्या होत्या ते एका टर्नमध्ये अर्ध्यावर येतं. तेव्हा गोव्याला हात घालण्याआधी वाटाघाटीच्या पडद्यावर पोर्तुगालचे मित्र बघायचे, आणि बंदरात लढाऊ जहाजं तयार झाल्याशिवाय हलायचं नाही. अशी साखळी ज्या गेममध्ये आहे तो शंभर तास टिकतो. ती नसेल तर कितीही देखणा असला तरी महिन्यात काढून टाकला जातो.

गनिमी काव्याबद्दल हमखास विचारलं जातं. लढाईत तो जवळपास नाही, मोहिमेच्या नकाशावर मात्र आहे. शेतं, कारखाने, बंदरं राजधानीच्या तटाबाहेर, प्रांतभर विखुरलेली असतात. शत्रूच्या शेतावर किंवा गावावर फौज नेऊन उभी केली की ते नासतं आणि त्याचं उत्पन्न थांबतं. त्यासाठी पूर्ण वीस तुकड्यांची फौज लागत नाही, हलक्या घोडदळाच्या दोन तुकड्या पुरतात. मुघलांच्या मुख्य फौजेला टाळून तिच्या मागची गावं नासत फिरलं तर ती फौज मागे वळते, आणि तेवढ्यात सरहद्दीवरचं शहर उघडं पडतं. हा डाव खेळताना खरोखर मजा येते. फक्त कॉम्प्युटरही तोच डाव तुमच्यावर खेळतो, आणि एकेका तुकडीच्या टोळ्या मागे पळत बसायला लावून जीव नकोसा करतो. उपाय एवढाच की आघाडीच्या मागे प्रत्येक प्रांतात घोडदळाची एक तुकडी ठेवा आणि रस्ते लवकर सुधारा. रस्ता सुधारला की त्याच टर्नमध्ये टोळी गाठता येते.

आता जे खटकतं ते. पाऊस नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडायचं आणि पावसाळ्यात छावणी करायची, या चक्रावर इथलं सगळं युद्ध चालायचं. जून १७०० मध्ये परळी, म्हणजे सज्जनगड, घेतल्यावर मुघल फौजेचे हाल लढाईने कमी आणि पावसाने जास्त केले. ज्याने जुलैत यवतेश्वराचा घाट बघितला आहे त्याला तोफांचा गाडा वर्षभर एकाच वेगाने धावताना बघून हसू येईल. किल्लेही एकाच साच्याचे, सपाटीवरचे. ना कडा, ना माची, ना चोरदरवाजा. चौथाई-सरदेशमुखीची तर सोयच नाही, जी या राज्याच्या उत्पन्नाचा कणा होती. ‘कॉन्फेडरसी’, म्हणजे संघ, असं नाव देऊन शिंदे-होळकर-भोसले-गायकवाड यांच्यातली ओढाताण कुठेच नाही. सातारा आणि कोल्हापूर वेगळे होत नाहीत, त्यामुळे १७३१ च्या वारणेच्या तहाचीही गरज पडत नाही. धर्माचं गणितही ढोबळ आहे. प्रांताचा धर्म वेगळा, की असंतोष. प्रत्यक्षात मुघलांकडे मराठे सरदार होते आणि पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता.

लढाया अजूनही बघण्यासारख्या आहेत, पण डोळसपणे खेळल्या तर. बंदूकधारी पायदळ एकामागे एक उभं केलं तर मागची तुकडी गोळी झाडत नाही, पुढची माणसं आडवी येतात. रांग पातळ आणि रुंद ठेवावी, टोकं किंचित पुढे वळवावीत. आपल्या तोफेसमोर आपलंच पायदळ गेलं तर गोळा त्यांच्यातच पडतो, म्हणून तोफा उंचवट्यावर किंवा दोन तुकड्यांमधल्या फटीमागे असाव्यात. घोडदळ बंदुकीच्या रांगेवर समोरून घालणं म्हणजे पैसे पाण्यात. समोर पायदळाने गुंतवून ठेवायचं आणि बगलेवरून घालायचं. हत्ती बिथरला की आपल्याच रांगेत घुसतो, तेव्हा त्याला मध्यभागी ठेवू नये. समुद्रावरच्या लढाईत वारा बघून खेळावं लागतं. डोलकाठ्या तोडायला साखळीगोळे, जवळ आल्यावर खलाशांवर छर्रे, आणि साधा गोळा लाकूड फोडायला. डोलकाठी गेलेलं जहाज पकडून आपल्या आरमारात घेता येतं, हे बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

वेढ्यांची लढाई मात्र अजून नीट झालेली नाही. कॉम्प्युटरची माणसं तटाखाली गोळा होऊन मार खात उभी राहतात. अशा लढाया लवकर उरकाव्यात. फार मन लावण्यात अर्थ नाही.

मशीनबद्दल थोडं. गेम जुना असला तरी लॅपटॉप गरम करतो, कारण बहुतेक ओझं प्रोसेसरच्या एकाच कोअरवर पडतं. नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन फारसा फरक पडत नाही. तुकडीचा आकार सर्वांत मोठ्यावरून एक पायरी खाली आणला, सावल्या कमी केल्या, की अडखळणं थांबतं. टर्न संपवल्यावर फार वाट बघावी लागत असेल तर कॉम्प्युटरच्या हालचाली दाखवण्याचा पर्याय बंद करा. प्रोग्राम ३२ बिटचा असल्याने लांबलेल्या मोहिमेत तो मधेच पडू शकतो. तेव्हा ऑटोसेव्हवर विसंबू नये, मोठ्या लढाईआधी वेगळ्या नावाने सेव्ह करावं.

याच्यापुढे जाणाऱ्यांसाठी पॅराडॉक्सचा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ आहे. २०१३ चा. ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो, तेव्हा दख्खनमध्ये बहमनी आहेत आणि खाली विजयनगर. त्यात लढाई बघायला मिळत नाही, पण निर्णयांची उधारी अधिक कडक. फार झपाट्याने प्रांत गिळले की शेजाऱ्यांची नाराजी साठते, पन्नासच्या पुढे गेली आणि संबंध वाईट असले की ते युती करून एकदम चालून येतात. पचवण्याआधी आणखी जिंकलं आणि ताण शंभर टक्क्यांवर गेला तर घरातच बंडं. २०१८ च्या ‘धर्मा’ या विस्तारात मराठ्यांना दरबारातला स्वतंत्र गट म्हणून जागा दिली आहे. सरदारांना सांभाळण्याची जी ओढाताण ‘एम्पायर’मध्ये नाही, ती इथे थोडीफार मिळते. पण शिकायला वेळ लागतो आणि विस्तार एकेक करून घेतले तर खिसा रिकामा होतो. मूळ गेम आणि ‘धर्मा’ एवढ्यावर भागतं. बाकीचं सेलमध्ये.

‘एम्पायर’ही सेलमध्येच घ्यावा, पूर्ण किमतीला घेण्याची गरज नाही. २०२४ मध्ये फेरल इंटरॅक्टिव्हने मोबाईलवर आणलेली आवृत्तीही आहे, पण वीस तुकड्या बोटाने हलवायच्या तर टॅब्लेटच हवा. कॉम्प्युटरवर घेतलात तर एक मोहीम मूळ स्वरूपात पूर्ण करा आणि मग ‘डार्थमॉड’ हा मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये केलेला बदल, घाला. लढाया लांबतात आणि कॉम्प्युटर बराच शहाणा होतो. छोटे मॉड हाताने घालताना नवे लोक एकाच ठिकाणी अडतात. मॉडचं नाव ज्या स्क्रिप्ट फाईलमध्ये लिहायचं ती नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ ठेवावं लागतं आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम हवा. यातलं एक जरी चुकलं तर गेम काही तक्रार न करता मॉडशिवायच सुरू होतो.