ठाण्याच्या पावसात कोणती मेंढी? दख्खनी, माडग्याळ, सुवर्णा आणि परदेशी डॉर्पर

ठाणे, डोंबिवली किंवा नवी मुंबईत राहायचं आणि मुरबाड, शहापूर, कर्जतकडे एखाद-दोन एकर घेऊन ठेवायचे, यात आता नवल राहिलेलं नाही. त्या जागेत काय करायचं याचं उत्तर आधी आंबा असतं, मग शेळ्या येतात, आणि शेळ्यांनी आंब्याची कलमं फस्त केली की मेंढ्यांचा विषय निघतो. या तिसऱ्या टप्प्यावर आलेल्यांसाठी हे लिहितोय. लसी, खुराक, जंताचं औषध हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरतो. अडतं ते जातीपाशी, आणि त्या घोळातून मी गेलोय. मुरबाडच्या पुढे आमचं थोडं रान आहे. तिथे दख्खनी आणि माडग्याळ या दोन्ही मेंढ्या मी पावसाळ्यातून काढल्या आहेत. सुवर्णा ओळखीच्यांच्या वाड्यावर जवळून पाहिली, डॉर्पर जरा लांबून. तेव्हा यातलं काहीच वजनकाट्यावर तोललेलं नाही, वाड्यात उभं राहून जे दिसलं ते सांगतोय.

पहिला प्रश्न जातीचा नसून पावसाचा आहे. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या मेंढ्या घडल्या त्या पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या माळरानांवर. धनगरांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. भातकापणी झाली की ते कळप घेऊन घाट उतरतात, शेतात मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि वळीव पडायच्या आत पुन्हा वर निघून जातात. आमच्या रानात उतरणाऱ्या एका मामांना मी बारमाही मेंढ्या ठेवायचा बेत सांगितला, तेव्हा ते नुसते हसले. "पावसात कोकणात मेंढरू ठेवतंय व्हय कुणी?" एवढं बोलून तंबाखू मळत बसले. हा सल्ला मानायचा असेल तर दिवाळीनंतर कोकरं घ्या, मे महिन्यात विकून मोकळे व्हा, आणि पुढचं वाचू नका. त्या हिशेबात कुठलीही जात चालते.

बारमाही ठेवायचीच असेल तर मेरिनो या तलम लोकरीच्या विलायती मेंढीचं स्वप्न आधी बाजूला ठेवा. ते पडतं पुष्कळांना. स्पेनने ही जात अठराव्या शतकापर्यंत देशाबाहेर जाऊ दिली नव्हती. 1786 मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईने रॅम्बुलेच्या शाही शेतावर तिचा कळप आणवला, 1797 मध्ये ती ऑस्ट्रेलियात उतरली, आणि पुढे जगभरच्या तलम लोकरीचा धंदा तिच्या पाठीवर उभा राहिला. मेंढीमागे वर्षाला चार-पाच किलो लोकर म्हणजे थोडी नव्हे. पण ती सगळी कोरड्या हवेतली कमाई. दख्खनीशी मेरिनोचे संकर आपल्याकडेही करून झालेत, पण कुणा धनगराच्या कळपात तुम्हाला मेरिनो दिसते का बघा. त्यातून नीलजिव्हा हा चिलटांमुळे पसरणारा रोग नेमका पावसाळ्यात डोकं वर काढतो आणि विलायती जातींना जास्त भोवतो. ओल्यात निभावणाऱ्या जाती जगात नाहीत असं नाही. इंग्लंडमध्ये केंटच्या दलदलीतली रॉम्नी त्यासाठीच नाव कमावून आहे, न्यूझीलंडच्या मेंढपाळीत तिचा मोठा वाटा आहे. पण तिथला ओलावा थंडीचा. आपला ओलावा उकाड्याचा आणि माश्यांचा, आणि खरी मेख तिथेच आहे.

आता दख्खनी. हिला नावं ठेवणाऱ्याने तिला मे महिन्यात चालताना पाहिलेलं नसतं. काळी, काटक, अंगाने आटोपशीर, मेंढी तीस किलोच्या आतबाहेर. करडाच्या धाटांवर आणि सुकलेल्या शेंगांवर दिवस काढते, मैलोनमैल चालते, आजारी पडली तरी लवकर सावरते. पहिलटकरणीलाही कोकरू सांभाळायला शिकवावं लागत नाही. किंमत परवडणारी, हवी तेवढी मिळते, लोणंदच्या बाजारात जाऊन पसंत करून आणता येते. कागदावर मांडलं तर नवशिक्यासाठी हिच्याइतकी बिनधोक मेंढी नाही, आणि तुमची जमीन घाटावर असेल तर मी एवढ्यावरच थांबलो असतो.

पण लोकर! लोकर म्हणजे उत्पन्न असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. दख्खनीची लोकर वर्षाला अर्धा किलोच्या आसपास निघते, तीही जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची. मेरिनोच्या लोकरीचा तंतू जाडीला चोवीस मायक्रॉनच्या आत असतो, हिचा तिसाच्या वरच. घोंगडी विणणारे सनगर घाटावर. पौषात म्हशाच्या जत्रेला आपल्या तालुक्यात घोंगड्या विकायला येतात, लोकर विकत घ्यायला कुणी येत नाही. आमच्याकडे पोत्यात भरून ठेवलेल्या लोकरीला कसर लागली. शेवटी ती नारळाच्या आळ्यात घातली, आणि नारळाला तेवढी मानवली म्हणायची.

विकली जात नाही, एवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पावसात ती वाळतच नाही हे खरं दुखणं. आषाढात सलग झड लागली की दख्खनी मेंढी बाहेरून कोरडी दिसते आणि आत बोट घातलं तर ओलीगच्च. वाड्यात शिरलं की कुबट वास नाकात बसतो आणि ठाण्याला परतल्यावर शर्टालाही तोच. मग एखादी मेंढी कळपाच्या मागे राहू लागते. पाय आपटते, मान वळवून स्वतःच्याच पुठ्ठ्याला चावायला बघते, शेपूट सारखी हलवते. तिला धरून, पाडून, शेपटीजवळची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवली की खाली तांबूस, ओघळलेली कातडी आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. हगवणीने शेपूट बरबटलेली असेल तर माश्यांना आवतणच. मग भोवतालची लोकर कातरा, टर्पेंटाइनचा बोळा लावा, वर येणाऱ्या अळ्या चिमट्याने काढा, मलम भरा. ओली लोकर कातरीच्या पात्यात अडकते, दर दोन हातांनी थांबून पुसावं लागतं. वर पत्र्यावर पाऊस वाजत असतो, विजेचा पत्ता नसतो, आणि एकाने मोबाइलचा उजेड धरलेला असतो. एक मेंढी झाली की गडी सांगतो, अजून एक मागे राहतेय.

पावसाच्या तोंडावर लोकर कातरून घ्यावी, हा यावर सगळ्यांचा सल्ला. बरोबरही आहे. पण हातकातरीने सफाईने कातरणारी माणसं कळपांबरोबर असतात आणि कळप मे महिन्यात घाट चढलेले असतात. म्हणजे ज्या पंधरवड्यात कातरणारा हवा, त्याच पंधरवड्यात सबंध तालुक्यात तो मिळत नाही. मशीन आणता येतं, तेही चालवायला शिकावं लागतं. नाहीतर कातडीला चिरा पडतात आणि माश्यांना आणखी एक जागा मिळते. शिवाय जूनच्या आधी कातरलेली मेंढी श्रावणापर्यंत पुन्हा पाणी धरण्याइतकी लोकर अंगावर घेते. खूर सडणं, जंत, भातखाचरातल्या गोगलगायींमुळे होणारे यकृताचे कृमी हे त्रास सगळ्याच जातींना कमीअधिक होतात. त्यांची औषधं मिळतात, वेळापत्रक बांधता येतं. लोकरीचा त्रास हा दख्खनीचा स्वतःचा, आणि माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

मग बिनलोकरीची मेंढी शोधताना माणूस व्हिडिओ बघत बघत डॉर्परपाशी पोचतो. दक्षिण आफ्रिकेत 1930 च्या दशकात डॉर्सेट हॉर्न आणि काळ्या डोक्याची पर्शियन यांच्या संकरातून तयार केलेली ही मांसाची जात. पांढरं अंग, काळं डोकं, कोकरू झपाट्याने भरतं, आणि मुख्य म्हणजे अंगावरची लोकर-केस आपोआप गळतात, कातरायला नको. माझी अडचण एवढीच, की तीही घडली रखरखीत प्रदेशासाठी. आणि आपल्याकडे डॉर्पर म्हणून जे दाखवतात त्यातलं शुद्ध किती हे सांगणं कठीण. मला दाखवलेल्या नराचे कान पाहून त्याची आई इथलीच कुणीतरी असावी असं वाटलं. नाद असेल, पैसा असेल तर एखादा नर आणून संकर करायला हरकत नसावी. पहिला कळप तिच्यावर उभारावा असं मात्र मी कुणाला सांगणार नाही.

सुवर्णाचं प्रकरण निराळं, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सुंदरबनात गारोळ नावाची बुटकी मेंढी आहे, बारा-पंधरा किलोची, पायाखाली पाणी असलं तरी चरणारी आणि एका वेताला सर्रास दोन, कधी तीन कोकरं देणारी. 1792-93 च्या सुमारास बंगालमधल्या मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. तिथल्या 'बुरूला मेरिनो' नावाच्या मेंढ्यांना जुळ्यांचं जनुक त्यांच्यापासूनच मिळालं असं मानतात. 2001 मध्ये त्या जनुकातला नेमका बदल सापडला, आणि मग तोच गारोळमध्येही दिसला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात गारोळ आणून ते जनुक दख्खनीत उतरवायला घेतलं, त्यातून नारी सुवर्णा तयार झाली. दख्खनीएवढं अंग आणि एका वेताला बहुतेकदा जुळी. ज्याचं घर वाड्याला लागून आहे, घरातली बाई-माणसं दिवसरात्र कळपात आहेत, त्याच्यासाठी ही फार मोलाची गोष्ट. शनिवारी जाऊन रविवारी परतणाऱ्या ठाणेकराला मात्र जुळ्यांतलं दुबळं कोकरू भारी पडतं. आईला दूध एकाच्या हिशेबाचं, खुराक वाढवल्याशिवाय दुसऱ्याला पुरत नाही. रात्री बाटली कोण धरणार, हा प्रश्न गड्याच्या पगाराशी जाऊन भिडतो. आणि गारोळचं जनुक आलं म्हणून गारोळची चिखलात राहायची सवय आली असं समजू नका. अंग दख्खनीचं, म्हणजे लोकरही दख्खनीची.

राहिली माडग्याळ. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावची, उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, लांब कान आणि पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक. आटपाडीच्या कार्तिक यात्रेत या नाकाचे भाव ऐकले तर मुरबाडची जमीन स्वस्त वाटू लागते. तो शौक वेगळा, त्यात आपण पडायचं नाही. साध्या नाकाची, बाजारभावाची माडग्याळ मेंढी आपल्याला पुरते. एका वेताला बहुधा एकच कोकरू, पण जन्मतःच साडेतीन-चार किलोचं, उभं राहून आपणहून आचळ शोधणारं. नर दख्खनीपेक्षा पुष्कळ मोठा होतो. ठाण्यात मटणाच्या दुकानात गिऱ्हाईक अजूनही "बोकडाचंच ना?" असं विचारून घेतं, तेव्हा मेंढीच्या मांसाला रोजचा उठाव बेताचाच. पण बकरी ईदच्या आधी कल्याण-भिवंडीकडचे लोक उंच, देखणा नर शोधत वाड्यापर्यंत येतात. तिथे ही उंची कामाला येते.

आणि हिच्या अंगावर लोकर नावालाच. पाठीवर विरळ, भरड केस, पोटाखाली आणि पायांवर जवळजवळ काहीच नाही. पावसात भिजली तर आडोशाला येऊन अंग झाडते, आणि गव्हाणीतला चारा संपेपर्यंत पाठ कोरडी झालेली असते. आमच्याकडे अळ्यांची भानगड संपली असं म्हणणार नाही, मारामारीत लागलं की जखम होतेच. पण पावसाळ्यातल्या संध्याकाळी एकेक मेंढी पाडून लोकर फाकवत बसणं थांबलं.

उणिवा आहेत. खादाड आहे, दख्खनीच्या खुराकात हिला उभी केली तर बरगड्या दिसू लागतात. लांब पायांमुळे कुंपण उंच लागतं. अंगावर पांघरूण कमी म्हणून गार वाऱ्यात कोकरं खोकतात, त्यासाठी पश्चिमेची बाजू बंद हवी आणि जमिनीपासून हातभर वर फळ्यांचा माच हवा. माच तर मी कुठल्याही जातीला सांगेन, पण दख्खनी त्याच्याशिवायही कशीबशी दिवस काढते, ही नाही काढत. कुणाला माच, चारा, कुंपण हा खर्चच नको असेल, तर त्याने दख्खनी घेऊन दरवर्षी मेमध्ये कळप विकावा, त्यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्यांची माणसं रानात मुक्कामाला आहेत त्यांनी एकदा फलटणला जाऊन सुवर्णा बघून यावी. बाकी, माझ्यासारखा आठवड्याचा मालक असेल तर मला तरी माडग्याळच बरी वाटते.

घ्यायची झाली तर पावसाळा सरल्यावर घ्या, म्हणजे पुढच्या जूनपर्यंत इथल्या पाण्याची सवय होते. दलाल हल्ली कुठल्याही तांबूस-पांढऱ्या मेंढीला माडग्याळ म्हणतात. नाक, कान बघू द्या त्यांना, तुम्ही पोटाखाली हात घाला. तिथे बोटं अडकण्याइतकी लोकर लागली तर तिच्यात दख्खनी आहे. पुठ्ठ्याची कातडी उघडी करून जुने वण बघा, खूर उचलून वास घ्या. नर दुसऱ्या गावचा घ्या आणि तो ऑक्टोबर सरल्यावर मेंढ्यांत सोडा. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे कोकरं एप्रिलच्या सुमारास येतील आणि झड लागेपर्यंत चारा खायला लागलेली असतील.