हेडफोन की मॉनिटर? बडोद्यातल्या अकरा फुटी खोलीतला अनुभव

घरी गाणी मिक्स करायला हेडफोन आणि मॉनिटर, म्हणजे स्टुडिओचे स्पीकर, दोन्ही उत्तरायणाच्या आधी घेतले आणि नवरात्र संपेपर्यंत जवळजवळ रोज वापरले. आता माझं मत पक्कं आहे. खोलीत आवाज आवरायला पडदे आणि गादीपलीकडे काहीच केलेलं नसेल, तर बेसचा निर्णय हेडफोनवर घ्यावा आणि बाकी बहुतेक सगळं मॉनिटरवर. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी हेडफोन घ्या.

सामान असं: यामाहा एचएस 7 ची जोडी, बायरडायनॅमिकचा 80 ओमचा डीटी 770 प्रो आणि कॉम्प्युटरला जोडायचा दोन इनपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस. मी हाऊस, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, आणि बडोद्यात राहायचं म्हणजे वर्षातले काही महिने गरबा आलाच. हींच या गरब्याच्या तालाच्या सहा मात्रा हाऊसच्या किकवर, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्यावर बसवायच्या, दर किकमागे तीन मात्रा. चाल मस्त येते, पण ढोलाचा घुमारा आणि किक दोघांनाही खालची तीच जागा हवी असते. माझं निम्मं काम तिथेच जातं.

आता खोली. दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा वरचा मजला, लांबी 11 फूट, रुंदी 9. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, आणि 11 फूट म्हणजे 3.35 मीटर. ज्या सुराची अर्धी लाट या लांबीत नेमकी मावते, तो 51 हर्ट्झच्या आसपासचा. जी शार्प हा सूर 51.9 हर्ट्झवर आहे, म्हणजे माझ्या बेसलाइनच्या, खालच्या सुरांच्या ओळीच्या, अगदी मध्यात. हे स्वतःच्या कानांनी बघायचं असेल तर सिंथमध्ये (इलेक्ट्रॉनिक वाद्यात) साधी साइन वेव्ह, म्हणजे एकच शुद्ध सूर, लावा आणि तो सूर धरून ठेवा. खोलीच्या मधोमध उभं राहिलं की तो जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीला पाठ टेकली की तोच पोटात घुमायला लागतो. आवाजाचं बटण कुणी हलवलेलं नसतं!

एफ, जी शार्प, ए शार्प अशी बेसलाइन मधोमध बसून ऐकली की मधला सूर पडतो. कुणालाही वाटेल की तो वाढवायला हवा. इक्वलायझरने तिथे कितीही जोर दिला तरी खड्डा भरत नाही, कारण भिंतीवर आपटून परत येणारी आणि त्याला मारणारी लाटही तेवढीच वाढते. तीच ओळ हेडफोनवर लावली की तिन्ही सूर सारखे ऐकू येतात. ढोल आणि किक एकमेकांना कुठे खातात तेही लगेच कळतं, कारण मध्ये खोलीच नाही.

खुर्ची पुढच्या भिंतीपासून लांबीच्या 38 टक्क्यांवर, म्हणजे माझ्याकडे सव्वाचार फुटांवर ठेवायचा जुना आडाखा आहे. त्याने फरक पडतो, पूर्ण इलाज होत नाही. एचएस 7 च्या मागे रूम कंट्रोलचं स्विच आहे, ते 500 हर्ट्झच्या खालचा भाग 2 किंवा 4 डेसिबलने उतरवतं. मॉनिटर भिंतीजवळ असल्यामुळे फुगलेला बेस त्याने आटोक्यात येतो. खड्ड्यावर त्याचा उपयोग नाही.

मग मॉनिटर कशाला? गाणाऱ्यासाठी. हेडफोनवर मुख्य आवाज थेट डोक्याच्या मध्ये येतो आणि आहे त्यापेक्षा मोठा वाटतो, त्यामुळे हात आपोआप तो कमी करायला जातो. मॉनिटरवर गाणारी बाई समोर उभी राहते आणि तिची पातळी पटकन सापडते. रिव्हर्बचं, म्हणजे आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याचंही तसंच. हेडफोनवर त्याचा बारीक शेपटासुद्धा ऐकू येतो, म्हणून आपण कमी टाकतो, आणि तेच गाणं बाहेर वाजलं की कोरडं लागतं.

रुंदीच्या, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे पसरवण्याच्या बाबतीत तर हेडफोनवर अजिबात विसंबू नका. त्यात डाव्या कानाला उजवी बाजू ऐकूच येत नाही, त्यामुळे दांडियांचा टकटकाट दोन्हीकडे पसरवला की फार सुंदर वाटतो. गरब्याच्या मैदानावर कितीतरी ठिकाणी डावी-उजवी बाजू एकत्र करूनच आवाज सोडतात, आणि फेज उलटी करून, म्हणजे एका बाजूची लाट उलटवून मिळवलेली रुंदी तिथे उडून जाते. मी पसरवण्याचं सगळं काम मॉनिटरवर करतो आणि शेवटी एकाच मॉनिटरवर मोनो करून ऐकतो. दांडिया त्यात टिकल्या तरच गाणं पुढे जातं.

आरामाचं बोलायचं तर डीटी 770 च्या मखमली गाद्या मे महिन्यातही सहन होतात, रेक्झिनसारख्या कानाला चिकटत नाहीत. तरी तासाभराने काढावाच लागतो. बंद बनावटीचा असल्यामुळे पंख्याचा आवाज आत येत नाही, आणि आमच्याकडे पंखा बंद ठेवून उन्हाळ्यात काम होणं शक्य नाही. तीन मीटरची वायर कायमची जोडलेली आहे, ती खुर्चीच्या चाकाखाली येऊ देऊ नका.

मॉनिटरला सुरुवातीला बारीक गुणगुण होती. जुन्या घरातलं अर्थिंग आणि साधी केबल, दोन्ही मिळून. बॅलन्स्ड टीआरएस केबल (बाहेरची गुणगुण कापणारी) लावल्यावर ती गेली, तेव्हा केबलचे पैसे आधीच धरून ठेवा.

आमची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. काकू फार सांभाळून घेतात, "अरे, दहापर्यंत वाजव रे, मग आजी झोपतात" एवढंच म्हणतात. त्यामुळे दिवसा मॉनिटर, रात्री हेडफोन. रात्री मात्र पातळी नकळत चढत जाते, आणि याची मला खरोखर काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबल फक्त 4 तास. मी इंटरफेसच्या बटणावर पट्टी चिकटवून खूण केली आहे आणि तिच्या पुढे जात नाही.

भिंतींवर पातळ फोम लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. त्याने टाळ्या आणि हाय-हॅटची चरचर कमी होते. 51 हर्ट्झची लाट पावणेसात मीटर लांब असते, तिला दोन इंची फोम कळतही नाही. दिवाळीनंतर कोपऱ्यांमध्ये जमिनीपासून छतापर्यंत जाड रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरणार आहे. ते झालं की साइन वेव्ह लावून पुन्हा खोलीभर फिरेन. जी शार्प खुर्चीवर नीट ऐकू आला तर बेसही मॉनिटरवर करायला घेईन.