झोपण्याआधी अर्धा तास साहसकथा: नऊ महिन्यांनंतर

गेल्या गणपतीत आईकडच्या माळ्यावरचं पुस्तकांचं खोकं खाली काढलं. तेव्हापासून रोज रात्री झोपण्याआधी अर्धा तास मी मुलांच्या साहसकथा वाचते. माझं वय ४६. घरात लहान मूल नाही, त्यामुळे कुणाला वाचून दाखवायचं निमित्तही नाही. वाचते ती स्वतःसाठी.

सुरुवात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून केली. थोडी धाकधूक होती. दहाव्या वर्षी ज्याच्यावर जीव टाकला, तो आता फिका वाटला तर? पण नाही वाटला. तेव्हा बनेश, म्हणजे आपला फास्टर फेणे, संकटातून सुटतो की नाही, एवढंच बघायचं असायचं आणि त्या घाईत पानं उलटली जायची. आता तो सुटणार हे ठाऊक असतं, म्हणून भागवतांची वाक्यं दिसतात: कुठे दम घेऊ देतात, कुठे बनेशच्या तोंडच्या एका ‘ट्टॉक्’वर प्रसंग भिरकावून देतात. आणि फुरसुंगी! आज हे नाव निघालं की कचरा डेपो आठवतो. पुस्तकात ते पुण्याबाहेरचं एक गाव आहे, तिथून एक काटकुळा पोरगा पुण्यात शिकायला येतो आणि सायकलवर सगळ्यांच्या पुढे असतो. सायकलींचं ते पुणं या पानांत अजून आहे, याचं मला फार बरं वाटलं.

मग स्टीव्हन्सनचं ‘ट्रेझर आयलंड’. इथे आधी तक्रार. पहिली आणलेली मराठी प्रत संक्षिप्त निघाली आणि तसं मुखपृष्ठावर कुठेही छापलेलं नव्हतं. पुढे पूर्ण इंग्रजी पुस्तक मिळवलं, तेव्हा कळलं की कापलेला भागच मला सर्वांत जास्त हवा होता.

गोष्ट सांगणाऱ्या जिमचे वडील तिसऱ्याच प्रकरणात जातात. लहानपणी हे मी वाचलं असणारच, पण जिमला वडील होते हेही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. या वेळी पुस्तक मिटून ठेवलं आणि दोन दिवसांनी पुन्हा उघडलं. त्यांच्या खाणावळीत राहणारा कप्तान बरेच दिवसांचे पैसे थकवून मरतो. चाचे कधीही येऊन धडकतील. गावातलं कुणी मदतीला यायला तयार नाही. अशा रात्री जिमची आई त्याला घेऊन परत येते आणि मेणबत्तीच्या उजेडात कप्तानाची पेटी उघडून आपलं येणं मोजायला बसते. नाणी देशोदेशीची, तिला हिशेब जमतो फक्त गिनींमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांत, आणि गिनी तर थोड्याच. आपल्या हक्काचं तेवढंच घेणार, वर एक कवडी नको, या हट्टापायी ती बाई जीव धोक्यात घालते. शेवटी शिटी ऐकू येते तेव्हा मोजणी अर्धवटच असते. मग जिम हिशेबाची भरपाई म्हणून मेणकापडात गुंडाळलेलं एक पुडकं उचलतो. खजिन्याचा नकाशा त्याच पुडक्यात असतो! पुढची सगळी सफर एका विधवेच्या अपुऱ्या हिशेबातून निघते, हे दहाव्या वर्षी मला कळणं शक्यच नव्हतं.

हे पुस्तक कसं जन्मलं तेही मला फार आवडतं. १८८१चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर पाऊस. स्टीव्हन्सनने सावत्र मुलाच्या संगतीत एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्यातून गोष्ट सुचली. घरात ती ऐकायला स्टीव्हन्सनचे वडीलही असत. दीपगृहं बांधणारा, साठी ओलांडलेला हा इंजिनिअर गोष्टीत इतका रमला की कप्तानाच्या त्या पेटीत काय काय असावं, याची यादी त्याने जवळजवळ दिवसभर बसून लिहून काढली. आणि मुलाने ती वापरली. मुलांच्या पुस्तकात रमणाऱ्या मोठ्यांमध्ये माझा हा सर्वांत लाडका माणूस.

ज्यूल व्हर्नचं ‘मिस्टीरियस आयलंड’ मात्र दमाने वाचावं लागतं, मधे मधे रसायनशास्त्राचा तासच भरतो. पण थकलेल्या रात्री मला तेच हवं असतं. बलूनमधून निर्जन बेटावर पडलेल्या पाच जणांपैकी हर्बर्टला कोटाच्या अस्तरात गव्हाचा एकच दाणा सापडतो. त्यांच्यातला इंजिनिअर लगेच आकडेमोड करतो: पहिल्या पिकाचे ८०० दाणे, दुसऱ्याचे ६,४०,०००, तिसऱ्याचे ५१ कोटी २० लाख. हे वाचून मी शांत झोपले.

खटकणारंही आहे. व्हर्नचा नेब हा गुलामगिरीतून सुटलेला कृष्णवर्णीय माणूस, पण त्याच्या वाट्याला मुख्यतः मालकावरची निष्ठा आणि स्वयंपाकघर येतं. ‘ट्रेझर आयलंड’मध्ये जिमच्या आईनंतर बाई जवळपास नाहीच. ही पुस्तकं आवडतात म्हणून याकडे डोळेझाक करावीशी वाटत नाही.

फोन उशाशी असेल तर यातलं काही साधत नाही. तो मी बाहेरच्या खोलीत ठेवते. नवीन सुरुवात करणाऱ्याने प्रत पूर्ण आहे ना, हे दुकानातच उघडून पाहावं.

दिवाळीनंतर आई महिनाभर माझ्याकडे राहायला होती. तेव्हा रोज रात्री ‘ट्रेझर आयलंड’मधली दहा पानं तिला मराठीत सांगायचे. बाबा गेल्यानंतर त्यांच्या पेन्शनची थकबाकी मिळवायला तिने सात महिने खेटे घातले होते. एकदा जास्त जमा झालेले ३४० रुपयेही नेऊन परत केले होते. पेटी मोजण्याचा प्रसंग आला तसं तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं.

“मोजून झाले का गं तिचे?”

“नाही, अर्ध्यातच शिटी वाजली.”

“अगं बाई! मग राहिलेल्याचं काय?”

मी पुडक्याचं सांगितलं. त्या रात्री दहा पानांवर थांबता आलं नाही, जिम लपून चाच्यांचा कट ऐकतो त्या सफरचंदांच्या पिंपापर्यंत जावं लागलं.