चरबीचा टक्का घरी काढायचा: मान मोजावी की नुसती कमर?

वजन आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) दोन्ही माहीत आहेत, तरी मनाचं समाधान होत नाही, अशांसाठी हे लिहितोय. माझंही तसंच झालं होतं. उंची १६८, वजन ७०, म्हणजे बीएमआय २४.८. आपल्या लोकांनी २३ च्या पुढे गेलं की सावध व्हावं असं सांगतात, ते धरलं तरी आकडा फार भिववणारा नव्हता. पण जेवणानंतरची साखर काठावर आली. डॉक्टरांनी वजनाचा विषयही न काढता टेप घेतली आणि बेंबीवरून पोट मोजलं. ९६ सेंटिमीटर, जवळजवळ ३८ इंच. पँट ३४ ची घालतो म्हणून कमरही ३४ च असणार, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पँट पोटाच्या खाली बसते, हे लक्षातच घेतलं नव्हतं.

तेव्हा डॉक्टरांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण दिलं. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे शेजारी शेजारी मांडले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ पण आत चरबी, ही आपली ठेवण. म्हणून मी वजनाचा नाद सोडला आणि चरबीचा टक्का घरी कसा काढता येईल याच्या मागे लागलो.

चरबी दाखवणारा वजनकाटा आधी घेतला होता. तो पायातून बारीक वीज सोडून अंगाचा अटकाव मोजतो, त्यामुळे अंगात पाणी किती आहे यावर त्याचा आकडा डोलतो. रंकाळ्याला फेरी मारून घामाघूम होऊन उभा राहिलो की एक आकडा, वर दोन तांबे पाणी प्यालो की दुसरा. कातडीची चिमूट धरून मोजायचा चिमटा चांगला, पण हात सरावाचा लागतो. माझ्या जिममधला मोजणारा मुलगा बदलला आणि माझी चरबीही बदलली. राहता राहिली टेप.

टेपच्या दोन पद्धती मी वापरल्या. एक अमेरिकन नौदलाची. सॅन दिएगोच्या त्यांच्या संशोधन केंद्रात हॉजडन आणि बेकेट यांनी १९८४ मध्ये ती बसवली. पुरुषांसाठी बेंबीवरची कमर, त्यातून मान वजा, आणि उंची. पुढे लॉगरिदम येतो, म्हणून फोनवरचा कॅल्क्युलेटर लागतोच. दुसरी रिलेटिव्ह फॅट मास, म्हणजे आरएफएम. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयातल्या वूलकॉट आणि बर्गमन यांनी ती २०१८ मध्ये मांडली, डेक्सा स्कॅनशी, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या तपासणीशी, ताडून. हिशोब तोंडी होतो. उंचीला २० ने गुणायचं, कमरेने भागायचं, आलेलं उत्तर ६४ मधून वजा करायचं. बायकांसाठी ६४ च्या जागी ७६. इथे कमर बेंबीवर नाही, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला मोजतात. माझ्या अंगावर दोन्हीकडे माप सारखंच भरतं. तुमचं तसं असेलच असं नाही, एकदा बघून घ्या.

पहिल्या दिवशी कमर ९६ आणि मान ३८ भरली. नौदलाच्या सूत्राने २६, आरएफएमने बरोबर २९. एकच माणूस, एकच संध्याकाळ, आणि तीन टक्क्यांचा फरक. मी गोंधळलो. पुढे कळलं की यातला कुठलाच आकडा अंतिम म्हणून धरायचा नसतो. दोन्ही सूत्रं अमेरिकेतल्या लोकांवर बेतलेली आहेत, आपल्या अंगाला ती किती चपखल बसतात याची खात्री मी देणार नाही. एक पद्धत धरायची आणि तीच महिनोन्‌महिने चालवायची. आकडा कुठल्या दिशेला चाललाय, एवढंच बघायचं. मग प्रश्न उरतो तो असा, की दिशा कोण नीट दाखवतं?

पहिला महिना मी दोन्ही चालवल्या. रोज पहाटे रंकाळ्याला पूर्ण फेरी, रात्री भात बंद. तांबडा-पांढरा फक्त रविवारी दुपारी, तोही वाटीच्या हिशोबाने. महिन्याने कमर ९५ भरली. एकच सेंटिमीटर, पण कष्टाचा होता. मान मुलाने मोजली, ३७ आली. सूत्रात घातलं तर पुन्हा २६. कमरेतून एक गेला, मानेतूनही एक गेला, वजाबाकी जिथल्या तिथे. आरएफएम २९ वरून २८.६ वर आला होता. दिसायला किरकोळ, पण उतरला होता.

मान खरंच एक सेंटिमीटरने उतरली का, हे बघायला त्याच संध्याकाळी तिघांनी मोजलं. मुलाने ३७, बायकोने ३८, मी आरशासमोर ३८.५. टेप कंठमण्याच्या खाली घ्यायची, पुढच्या बाजूला किंचित उतरती ठेवायची, मान ताठ, खांदे सैल. हे सगळं तिघांनाही वाचून दाखवलं होतं. तरी टेप अर्धं बोट वर गेली की माप बदलतं. गिळलं की बदलतं. मागे केस असतात, ती सरळ बसली की तिरकी हे आपल्याला दिसत नाही. दुसऱ्याने मोजावं तर तो गळा आवळायला कचरतो आणि टेप सैल धरतो, किंवा मुलासारखा उत्साहाने ओढतो. या तीन मापांनी माझी चरबी एका संध्याकाळी २६, २५.३ आणि २५ झाली. महिनाभर चालून जितका फरक पडला नव्हता तितका तो टेप धरणाऱ्या हाताने पडला. माझा निर्णय खरं तर तिथेच झाला.

नौदलाच्या बाजूनेही बोललं पाहिजे. कमर बदलली की तिचा आकडा जास्त जोरात हलतो. माझ्या अंगावर कमरेच्या एका सेंटिमीटरला नौदलाचा आकडा पाऊण टक्क्याहून थोडा कमी सरकतो, आरएफएमचा त्याच्या साधारण निम्म्यानेच. रोज काहीतरी हललेलं दिसलं तरच हुरूप येतो, अशा माणसाला आरएफएम मंद वाटेल. शिवाय अंगाने चाबकासारख्या पोरांना आरएफएम उगाच जास्त चरबी लावतो. माझा भाचा रोज विद्यापीठाच्या आवारात पळतो, उंची १७०, कमर ७४, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. आरएफएमने त्याला १८ टक्के दिले, नौदलाने १०. त्याच्या बाबतीत मी नौदलावरच विश्वास ठेवीन.

आणि कोल्हापुरात मानेचा विषय निघाला की पैलवान आलाच. माझा एक मित्र ऐन उमेदीत शिवाजी पेठेतल्या तालमीत होता. पहाटेपासून जोर-बैठका, मग लाल माती, शिवाय वस्ताद मानेवर अंग तोलायचा व्यायाम वेगळा करून घ्यायचे. खासबागच्या मैदानात तो दोनदा उतरला होता. तालीम सुटून वीस वर्षं झाली, खुराकाची सवय बरीचशी राहिली. उंची १७५, कमर १००, मान ४६. नौदलाच्या सूत्राने २२ टक्के, आरएफएमने २९. तो खूश झाला आणि २२ वहीत लिहून घेतले. मला ते पटलं नाही. सूत्राच्या लेखी मान जाड म्हणजे माणूस घट्ट बांध्याचा. पण मान चरबीनेही जाडावते, आणि तालमीतली मान तालीम सुटल्यावर किती स्नायूची उरते, हे टेपला कसं कळणार? आजही जो मातीत उतरतो त्याच्यासाठी नौदलाची पद्धत कदाचित जास्त न्यायाची असेल. पण ज्याने कधीकाळी कमावलेल्या मानेखाली आता पोट वाढवलंय, त्याला ती धीर देते, आणि तो धीर मला धोक्याचा वाटतो. मित्राला मी हे तोंडावर सांगितलं. महिनाभर तो बोलला नाही, मग एका सकाळी मिसळ खायला गेलो तेव्हा स्वतःहून म्हणाला, “साखर तपासून घेतली रे.” पुढचं त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बायकांसाठी नौदलाच्या पद्धतीत तिसरं माप वाढतं. कमर सगळ्यात बारीक जिथे असेल तिथे, नितंब सगळ्यात रुंद जिथे असतील तिथे, आणि मान. माझ्या बायकोने एकदाच केलं. “सगळ्यात बारीक नक्की कुठे?” यावर आमचं एकमत होईना, तेव्हा तिने आरएफएम धरला आणि आजवर सोडलेला नाही.

आरएफएम म्हणजे शेवटी उंची आणि कमरेचं गुणोत्तरच आहे. कमर उंचीच्या निम्मी असेल तर पुरुषाला २४, बाईला ३६, उंची काहीही असो. कमर उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवा, हा सल्ला बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. हे सूत्र त्यालाच टक्क्यांत बोलतं. मला हे साधेपण आवडतं. माप एकच, त्यामुळे चुकायची जागाही एकच.

ती जागा तरी नीट सांभाळा. आईच्या शिलाई मशीनच्या खणातली कापडी टेप मी आधी वापरत होतो. पोलादी पट्टीला लावून बघितली तर ती ताणून जवळपास एक सेंटिमीटरने लांबलेली निघाली. महाद्वार रोडवरून न ताणणारी नवी आणली. दर रविवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी मोजतो. श्वास सहज सोडायचा, पोट आत ओढायचं नाही, टेप जमिनीला समांतर. तीनदा मोजून मधलं माप लिहायचं. आदल्या रात्री कुणाकडे जेवण झालं असेल आणि रस्सा ओरपला असेल तर माझी कमर सेंटिमीटरभर जास्त भरते. तो रविवार सोडून देतो.

पाच महिने झाले. गेल्या रविवारी कमर ९२ भरली, म्हणजे २७.५. भात रात्री अजून बंदच आहे. साखर पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायची आहे, आणि वहीत मानेचा रकाना मी दुसऱ्या महिन्यापासून रिकामा सोडलाय.