जुन्या गाडीच्या पांढुरक्या पट्ट्या: घरी घासू, बफवाल्याला देऊ की पुन्हा एनोडाइज करू?

आमच्या आप्पांची पद्मिनी गाडी कित्येक वर्षं जळगावच्या उन्हात उभी होती, बाजूच्या अल्युमिनियमच्या पट्ट्या पार राखेसारख्या पडलेल्या. गेल्या उन्हाळ्यात सगळे प्रकार करून बघितले, म्हणून ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर ते क्रोम मारलेलं लोखंड किंवा स्टील, त्याला पुढचं काहीच लागू नाही. अल्युमिनियम निघालं तर चिंधीवर जरासं मेटल पॉलिश घेऊन एक कोपरा घासा. चिंधी काळी झाली म्हणजे धातू उघडा पडलाय, नुसत्या पॉलिशनेच काम होईल, दुसरा खर्च करू नका. चिंधी स्वच्छच राहिली तर वर एनोडायझिंगचा (म्हणजे आम्लाच्या टाकीत वीज सोडून अल्युमिनियमवर चढवलेला) थर अजून आहे आणि खराब झालाय तो थरच, खालचा धातू नाही. हा थर धातूपेक्षा कितीतरी कडक असतो, त्यामुळे पॉलिश घासून हात दुखतात पण चमक येत नाही, माझे दोन रविवार यातच गेले.

थर असेल तर तो काढल्याशिवाय गत्यंतर नाही. घरी करायचं तर कॉस्टिक सोडा. पट्टी गाडीवरून काढूनच करा, रंगावर थेंब पडला तर रंग गेला. प्लास्टिकचा टब घ्या, जर्मलचं, म्हणजे अल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, सोडा पातेलंच खाईल. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी नाही. हातमोजे, चष्मा आणि उघडं अंगण पाहिजेच, कारण फेस येतो तो हायड्रोजनचा, जवळपास चूल, बिडी काही नको. समोरून हलू नका, थर गेला की सोडा धातूलाही सोडत नाही. पट्टी काळपट होऊन बाहेर येते, बघून पोटात गोळा येतो, पण धुवून वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) मारला की ते जातं. ४०० पासून सुरू करून ८००, १०००, २००० पर्यंत पाणी लावून घासायचं, आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही, नाहीतर पॉलिशनंतर उन्हात सगळे ओरखडे उठून दिसतात. मग पॉलिश. मला एका पट्टीला अख्खी सकाळ लागली.

बफवाल्याकडे, म्हणजे भांड्यांना पॉलिश करतात तिथे, हेच काम तासाभरात होतं आणि चमक आरशासारखी येते. पण लांब पातळ पट्टी चाकात अडकली की वाकते, आमची एक मधोमध वाकून आली आणि आता क्लिपांवर नीट बसतच नाही. जाड, आखूड भाग खुशाल द्या, लांब पट्टी नको.

पुन्हा एनोडाइज करणं टिकायला सगळ्यात भारी, पण पट्टी आधी चकाचक करूनच द्यावी लागते कारण नवा थर पारदर्शक असतो, खालचा ओरखडा लपवत नाही. म्हणजे घासायची मेहनत चुकत नाहीच, वरून चार पट्ट्यांसाठी कोणी टाकी लावायला पटकन तयार होत नाही. गाडी पूर्ण रिस्टोअर करताय तर करा.

लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारू का असं बरेच जण विचारतात. मी एका पट्टीवर मारला होता, चकचकीत धातूवर तो नीट धरत नाही, मे महिन्यात कडेपासून पापुद्रे सुटले आणि ते काढणं म्हणजे नवीनच काम.

रोज वापरातल्या गाडीला माझ्या मते घरी सोडा, वॉटर पेपर आणि वर मेण, बस. दोन-तीन महिन्यांनी परत मेण लावावं लागतं, अर्धा तास. बोअरच्या पाण्याने धुतली तर लगेच पुसा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग बसतात, आणि वॉशिंग सेंटरवाल्याला पट्ट्यांवर केमिकल मारू नको म्हणून आधीच सांगा. क्लिपा मात्र पट्टी काढायच्या आधीच शोधून ठेवा, जुन्या हमखास मोडतात, माझ्या सहा मोडल्या.