ओबीडी-२ स्कॅनर : कोड अचूक, अ‍ॅप कच्चे
चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला की मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) इतका तीव्र असतो, की न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन तो अतितापाने निकामी होऊ शकतो; म्हणून गाडी थांबवूनच गाडीच्या स्वयंनिदान प्रणालीतील (ओबीडी-२) दोषांचे कोड फोनवरील अ‍ॅपमध्ये दाखवणारा हा ब्लूटूथ स्कॅनर डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावला. त्याने लगेच पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमधील मिसफायर, दाखवला. दोष स्पार्क प्लगचा, कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारा भाग) की इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरचा, हे मात्र हा कोड सांगत नाही. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करून, कोड पुसून इंजिन पुन्हा चालवल्यावर पी०३०३ आला आणि कॉइलच सदोष असल्याचे ठरले. नवी कॉइल बसवल्यावर दिवा विझला. अ‍ॅपची जोडणी अधूनमधून तुटते. शिवाय कोड पुसण्याचे बटण इतके ठळक ठेवणे (फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष आला त्या क्षणीच्या इंजिनच्या स्थितीची नोंदही, त्यासोबतच जाते) मला अयोग्य वाटते.